मास्तरांचा उजवा पाय

परवाना कचेरीच्या समोरच्या रस्त्यावर नऊ ड्रायव्हिंग स्कूलं होती आणि त्यातलं नववं मास्तरांचं. नववं म्हणजे दर्जानं नव्हे, नुसतं मोजणीनं. बसथांब्यावर उतरलेला माणूस कचेरीकडे चालायला लागला की पहिलं स्कूल त्याचा हात धरायचं, दुसरं त्याला खुर्ची द्यायचं, तिसरं पाणी पाजायचं. नवव्यापर्यंत पोचायचा तो पत्ता चुकलेला माणूस. त्याला मास्तर पत्ता सांगायचे. अगदी मन लावून सांगायचे, दुसरं काम नसायचं ना.

बरं, नऊही स्कूलं अशी की एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. तीच पांढरी गाडी, टपावर तोच लाल डबा, काचेवर तेच वाक्य, 'खात्रीने शिकवू'. वाक्य एकच का, तर पेंटर एकच, आणि त्याच्याकडे अक्षरांचा कापलेला पत्राही एकच.

मास्तर शिकलेले सातवी. पण बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवली म्हणून सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा. घरची दोन खोल्यांची जागा, जुनी गाडी आणि हा एक शब्द, एवढीच माणसाची इस्टेट. त्यातला शब्द सगळ्यात मोलाचा.

त्या शब्दावरच घाला आला. मेहुण्याचं फरशांचं दुकान होतं. तो एका रविवारी घरी आला, चहा प्यायला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "दाजी, मी नवी व्हॅन घेतोय. तुम्ही चालवायला या. रोज सकाळी फरशा टाकायच्या, संध्याकाळी घरी."

"मी? ड्रायव्हर?"

"मग आत्ता काय आहात?"

"मास्तर आहे मी."

"असाल. पण त्या रस्त्यावर नऊ मास्तर आहेत. तुमच्यात वेगळं काय आहे, सांगा मला. एक गोष्ट सांगा, मी व्हॅनचा विषय सोडतो."

मास्तरांनी चहा नसलेल्या कपातून एक घोट घेतला. बायको दारात भाजी निवडत होती. ती म्हणाली, "विचारलंय तर सांगा की. मला पण ऐकायचंय."

सख्ख्या बायकोनं भावाच्या बाजूनं बोलावं याचं दुःख नव्हतं, ते जुनंच होतं. दुःख हे की मास्तरांना उत्तर खरंच येत नव्हतं. मेहुण्यानं तीन महिन्यांची मुदत दिली आणि बिस्किटाचा उरलेला पुडा बहिणीला देऊन निघून गेला.

आता आपल्याकडे काय असतं, माणूस अडचणीत आला की सल्ल्याला तोटा नाही. मास्तरांच्या एका बाजूला झेरॉक्सवाला आणि डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, निवृत्त हेडक्लार्क. झेरॉक्सवाला दिवसभर दुसऱ्याचेच कागद काढायचा, त्यामुळे स्वतःचं डोकं कोरं राहिलं होतं आणि त्यात काहीही उमटायचं.

"मास्तर," तो म्हणाला, "हे आठ जण काय शिकवतात? पुढं जायला. बरोबर? मागं जायला कोण शिकवतं?"

"मागं जाणं त्यातच येतं रे."

"येत नाही. लोकांचं घोडं तिथंच पेंड खातं. तुम्ही बोर्ड लावा, 'रिव्हर्स स्पेशालिस्ट'. बघा कशी झुंबड उडते."

मास्तरांना ते पटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर झेरॉक्सवाल्यानं अख्खा ओंडका टाकला होता. पेंटरला बोलावलं. त्याच्याकडे 'रिव्हर्स'ची अक्षरं नव्हती, ती त्यानं हातानं काढली आणि ती डावीकडे कलली. ते विषयाला धरूनच झालं असं झेरॉक्सवाला म्हणाला.

झुंबड काही उडाली नाही, पण पाच जण आले. पाचही जणांना पुढं चालवता येत होतं, फक्त मागं घेता येत नव्हतं. म्हणजे झालं काय, पूर्ण आठवडा मास्तरांची गाडी गल्लीबोळातून उलटीच फिरली. मास्तर मान मागं वळवून बसायचे. चौथ्या दिवशी मान तशीच राहिली. डॉक्टरनं गळ्यात पट्टा घातला. घरी जेवायला बसले तर ताट समोर आणि मास्तरांचं तोंड खिडकीकडे. बायको म्हणाली, "माझं तोंड बघायला नको म्हणून एवढी सोय करायची गरज नव्हती."

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तशी कचेरीतून नोटीस आली. फलकावर परवान्यात नमूद नसलेली सेवा. मास्तर पट्टा घालून खिडकीवर गेले. मान फिरत नसल्यामुळे ते कारकुनापुढं तिरपे उभे राहिले, आणि कारकुनाला वाटलं हे आपल्यावर रागावलेत.

"तुमच्या परवान्यात 'वाहन चालविणे' असं आहे," कारकून म्हणाला.

"मग मागं चालवणं हे चालवणं नाही का?"

"ते मी कसं सांगू? वरून विचारावं लागेल. उत्तर येईपर्यंत बोर्ड झाकून ठेवा."

बोर्ड गोणपाटानं झाकला. झाकलेला बोर्ड बघून लोकांनी काय समजायचं ते समजलं. दोन जण मास्तरांच्या बायकोला भेटून, हळू आवाजात, काही लागलं तर सांगा म्हणाले. त्यातला एक मास्तरांनाच म्हणाला, कारण गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्यानं मास्तरांना ओळखलं नाही.

मग वरून हेडक्लार्क खाली उतरले. हेडक्लार्कांचं सगळं आयुष्य फाइलींत गेलं होतं आणि निवृत्तीनंतर त्यांना फाइलच उरली नव्हती. ते पायरीवर रुमाल अंथरून बसले.

"मास्तर, वेगळेपण असं बाहेरून चिकटवता येत नाही. ते नोंदीत असतं. तुमच्याकडे आजवर शिकून गेलेल्यांची यादी आहे?"

"वह्या आहेत."

"मग त्यांच्याकडे जा. विचारा, तुम्हाला आमच्यात काय आवडलं? दहाजण जे सांगतील ते तुमचं वेगळेपण. पुराव्यानिशी."

हे मात्र शहाण्या माणसाचं बोलणं होतं. मास्तर सायकल काढून आठवडाभर जुन्या विद्यार्थ्यांकडे फिरले. आणि काय सांगू, जिथं जातील तिथं माणसं हात धरून आत नेत होती. औषधवाला म्हणाला, "मास्तर, तुमच्या हाताखाली भीती म्हणून वाटली नाही." शिंपीणबाई म्हणाल्या, "गाडी कशी लोण्यात सुरी थांबावी तशी थांबायची हो." बँकेतला कॅशियर तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "माझ्या हातून कधी एक धक्का बसला नाही. आयुष्यात एवढं चांगलं मला दुसरं काहीच आलं नाही."

मास्तरांची छाती पट्ट्याच्या वर आली. सापडलं म्हणाले. आठ स्कूलांतली पोरं गचके खात, ओरडा खात शिकतात. आपल्याकडे झटका नाही, ओरडा नाही. हेच आपलं वेगळेपण.

एक बारीकशी गोष्ट होती. निघताना मास्तर सहज विचारायचे, "हल्ली कुठली गाडी चालवता?" तर औषधवाला म्हणाला, परीक्षेत साहेबानं नापास केलं, मग राहूनच गेलं. शिंपीणबाई तीनदा नापास. कॅशियर पाच वेळा, आता तो बसनं जातो. अकरा जणांतले नऊ जण परीक्षेतच गळाले होते. पण प्रत्येकाचं म्हणणं एकच, साहेब खडूस आहे. मास्तरांचंही तेच मत होतं, बावीस वर्षांपासूनचं. तेव्हा ही गोष्ट त्यांनी मनावर घेतली नाही. माणसाला हवं ते ऐकायला मिळालं की बाकीचं कानावरून जातं, त्यात मास्तरांचा एकट्याचा काय दोष.

नवा बोर्ड लागला, 'झटका नाही, भीती नाही'. कचेरीत जाऊन आधी विचारून घेतलं. कारकून म्हणाला, भीती हा वाहनाचा प्रकार नसल्यामुळे हरकत नाही.

आणि त्या बोर्डामुळे बाई आल्या.

बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. वय चौसष्ट, उंची बेताची, हातात वही. नवरा गेल्यावर त्याची गाडी दारात धूळ खात उभी होती आणि ती आपण चालवायची हे बाईंनी ठरवलं होतं. एक नंबरच्या स्कूलपासून त्यांनी सुरुवात केली. चार स्कूलं आणि चार नापास परीक्षा मागं टाकून त्या थेट नवव्या दारात उभ्या राहिल्या. मास्तरांना त्या क्षणी उगाच आपली नखं कापलेली आहेत का ते बघावंसं वाटलं.

"तुम्ही ओरडत नाही असं लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"नाही बाई."

"मी ओरडते. चालेल?"

पहिले पाच तास फार छान गेले. बाई गाडी चालवत होत्या, गाडी लोण्यासारखी थांबत होती, मास्तर कौतुक करत होते. सहाव्या तासाला सिग्नलपाशी गाडी थांबली आणि बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

"मास्तर, मी ब्रेक दाबला नव्हता."

"दाबला असेल बाई. सवयीनं दाबला जातो, कळत नाही."

"मला कळतं. मी विसरले होते दाबायला. मग गाडी थांबली कशी?"

"गाडी जुनी आहे," मास्तर म्हणाले. "शहाणी झालीये."

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मास्तर सातवीतनं चौथीत गेले. पुढच्या सिग्नलला त्यांनी दोन्ही पाय उचलून सीटच्या कडेला टेकवले आणि हात तेवढे चाकावर ठेवून समोर बघत बसल्या. गाडी गेली, हळू झाली, पांढऱ्या पट्टीच्या वीतभर अलीकडे अलगद थांबली. एक गचका नाही.

"खाली बघा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी खाली बघितलं. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटलाही क्लच-ब्रेक असतो, अडीनडीला मास्तरनं दाबायचा म्हणून. त्या ब्रेकवर एक पाय होता. चप्पल ओळखीची होती. पाय मास्तरांचाच होता, आणि तिथं तो कधी गेला हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. देवाशपथ ठाऊक नव्हतं. डावा पाय बघितला तर तो क्लचवर.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मास्तरांच्या डोक्यात मात्र कॅशियर उभा होता, डोळ्यांत पाणी आणून. आयुष्यात एवढं चांगलं मला दुसरं काही आलं नाही. त्याला ते आलंच नव्हतं. परीक्षेत शेजारी मास्तरांच्या जागी साहेब बसायचा, आणि साहेब पाय हलवायचा नाही. बावीस वर्षं मास्तर एकटेच गाडी चालवत होते आणि लोक चाक धरून शेजारी बसत होते.

घरी आले ते तसेच कॉटवर बसले. चपला काढल्या आणि पायांकडे बघत राहिले. बायकोनं विचारलं तसं सगळं सांगून टाकलं.

"मग आता?" ती म्हणाली.

"व्हॅनवर जातो. फरशा नापास तरी होत नाहीत."

बायको मग म्हणाली, "तुम्हाला वाटायचं कुणाला लागू नये, कुणी घाबरू नये. पाय वाईट नाही तुमचा. आगाऊ आहे."

बावीस वर्षांच्या संसारात तिनं केलेली ही दुसरी स्तुती. पहिली खिळा ठोकल्याबद्दल होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मास्तर बोर्ड उतरवायला म्हणून शिडीवर चढले, तर खाली बाई.

"माझा तास आहे आज."

"बाई, मी बंद करतोय. तुम्ही बघितलंत ना काय ते."

"बघितलं. माझे चौदा तास बाकी आहेत."

"मला नाही जमणार. तो पाय जातोच. माझं ऐकत नाही तो."

"मास्तर, वर्गातून पोरगं पळालं तर मी समजू शकते. मास्तरनं पळायचं नसतं. उतरा खाली."

मास्तर शिडीवरून उतरले. एवढ्या वर्षांत त्यांना इतक्या हक्कानं कुणी मास्तर म्हटलं नव्हतं, आणि तेही खऱ्याखुऱ्या बाईंनी. गाडीत बसले. बाई म्हणाल्या, "चपला काढा. आता सीटवर मांडी घाला."

"मांडी?"

"जेवायला बसता तशी. पाय खालीच नकोत."

मास्तर मांडी घालून बसले. वरून सीटचा पट्टा लावला. एक हात हँडब्रेकपाशी ठेवायची तेवढी परवानगी बाईंनी दिली, तीसुद्धा फक्त जिवावर बेतलं तर. आणि गाडी शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेली.

खोटं कशाला बोला, पहिला आठवडा भयंकर गेला. बाईंची गाडी बेडकासारखी उडायची. नऊ वेळा बंद पडली, एकदा विटांच्या ढिगाला जाऊन भिडली. प्रत्येक धक्क्याला मास्तरांचा उजवा पाय मांडीतून सुटायला बघायचा आणि मास्तर दोन्ही हातांनी तो धरून ठेवायचे. घरी आले की मांडीवर स्वतःच्याच बोटांचे वळ. गाडी रस्त्यावरून जायला लागली तशी आठही स्कूलांचे मालक बाहेर येऊन उभे राहिले. "काय मास्तर, पंगतीला बसलात? वाढायला कोण?" तीन नंबरवाल्यानं तर हात जोडून कधी समाधी लागली विचारलं. मास्तरांनी मान वर ठेवली. गळ्यात पट्टा होताच.

पण दुसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. वळणावर एक म्हातारा अचानक मध्ये आला आणि गाडी थांबली. गचका बसला, मास्तरांचं डोकं पुढं गेलं, पण थांबली. मास्तरांनी आधी आपले पाय तपासले. दोन्ही मांडीतच होते.

"मी दाबला," बाई म्हणाल्या. "वेळेवर दाबला ना?"

"अगदी वेळेवर," मास्तर म्हणाले, आणि तोंड खिडकीकडे केलं. मान आता फिरत होती, तिचा काही संबंध नव्हता.

आठ स्कूलांनी मिळून तक्रार केली ती याच सुमारास. कचेरीतला परीक्षेचा साहेब, तोच खडूस, स्वतः गाडी तपासायला आला. हेडक्लार्क नियमांचं पुस्तक काखोटीला मारून खाली उतरले. इतक्या जलद ते निवृत्तीच्या दिवशीही उतरले नसतील.

"शेजारी क्लच-ब्रेक हवा," साहेब म्हणाला.

"आहे," हेडक्लार्क म्हणाले. "चालू स्थितीत. पाहून घ्या."

"पण हे पाय वर घेऊन बसतात."

"पाय कुठे असावेत याचा नियम दाखवा."

साहेबानं पुस्तक चाळलं. पुढून चाळलं, मागून चाळलं. आरशाचा नियम होता, हॉर्नचा होता, प्रथमोपचाराच्या पेटीतल्या कापसाचासुद्धा होता. पायाचा नव्हता. "वरून विचारावं लागेल," तो म्हणाला, आणि हेडक्लार्कांनी समाधानानं मान डोलवली. वरून अजून मागं जायचंच उत्तर आलेलं नव्हतं.

बाईंच्या परीक्षेच्या दिवशी मास्तर मैदानाच्या जाळीबाहेर उभे होते. आत साहेब बाईंच्या शेजारी बसला. गाडी निघाली. मास्तरांच्या उजव्या पायाखालच्या मातीत हळूहळू खड्डा होत गेला, आता तिथं तो पाय धरून ठेवायला कुणाला सांगणार. बाईंनी आठचा आकडा काढला, चढावर थांबल्या, निघाल्या. एक गचका बसला. मास्तरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा साहेब गाडीतून उतरून कागदावर सही करत होता.

"चार वेळा नापास आणि आज एकदम पास," साहेब म्हणाला. "यावेळी कुणी शिकवलं?"

खिडकीपुढं परीक्षेच्या रांगेत तीसचाळीस माणसं होती. मास्तर जाळीला टेकून कान देऊन उभे राहिले. आता नाव येणार, सगळ्यांसमोर.

"शिकले मी," बाई म्हणाल्या आणि जाळीकडे हात केला. "हे शेजारी बसले होते."

मास्तरांचा चेहरा पडला. पुरते चौदा तास जीव मुठीत आणि पाय हातात धरून बसलो, आणि हे. पण रांगेतला एक गलेलठ्ठ बेकरीवाला, सहा वेळा नापास झालेला, रांग सोडून जाळीपाशी आला. "ते नुसतं शेजारी बसणारे तुम्हीच का?" त्यानं विचारलं. "मला तेच पाहिजे हो. सगळे माझ्याआधी ब्रेक दाबतात." त्याच्यामागून एक नर्स आली. मग एक सुतार.

मुदत संपली त्या सकाळी मेहुणा नवी कोरी व्हॅन घेऊन आला. बोर्ड बघून थांबला. बोर्डवर लिहिलं होतं, 'तुम्ही चालवा. आम्ही शेजारी बसतो.'

"दाजी, हे वेगळेपण?" तो म्हणाला. "नुसतं बसायचं? हे कुणीही करेल."

"मग ये की," मास्तर म्हणाले. "माझा तास आहे आत्ता. पुढं बस तू, माझ्या जागी. मी मागं बसतो. फक्त पाय वर घ्यायचे."

मेहुणा हसत हसत बसला. बेकरीवाल्यानं गाडी सुरू केली, क्लच सोडला आणि गाडी रस्त्यावर उडीच घेऊन आली. पहिल्या वळणाला मेहुण्याचं हसू गेलं, दुसऱ्याला रंग. तिसऱ्या वळणावर समोरून बस आली तेव्हा त्याचे दोन्ही पाय सुटले आणि ब्रेकवर जोरात आदळले. गाडी जागच्या जागी गपकन बंद पडली.

"मी दाबणारच होतो," बेकरीवाला दुखावल्या आवाजात म्हणाला.

मेहुणा दार उघडून उतरला. मग खिडकीत वाकून म्हणाला, "दाजी, व्हॅनला मी दुसरा माणूस बघतो."

"चालत जातोस? सोडू का?"

"नको. चालत जातो."

मास्तर मागून उतरून पुढं आले. चपला काढून पायाशी ठेवल्या, मांडी घातली, पट्टा लावला, हात गुडघ्यांवर ठेवले. बेकरीवाला घाम पुसत त्यांच्याकडे बघत होता.

"निघू का, मास्तर?"

"मला काय विचारता?" मास्तर म्हणाले. "चाक कुणाच्या हातात आहे? समोर बघा."